तीनशे बारा डिश

जानेवारी सत्त्याण्णवच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून फॅक्स आला आणि आमच्या कारखान्यात पेढे वाटले गेले. फॅक्सचा पहिला परिच्छेद वाचून पेढे वाटले. दुसरा परिच्छेद मी एकटीने वाचला, आणि हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

पहिल्या परिच्छेदात आनंदाची बातमी होती. ज्या परदेशी कंपनीचा उपग्रह आपल्या डोक्यावर होता, तिने त्याच्या शेजारी दुसरा आणून बसवला होता. पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन येणार होते. टीव्हीची चॅनेलं वाढणार, बँका आणि वर्तमानपत्रांचे संदेश आकाशातून जाणार, म्हणून छतांवर बसवायला आणखी पाचशे डिश हव्या होत्या. त्या आमच्या वापीजवळच्या नरोलीच्या कारखान्यात बनायच्या. साच्यात काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, तिच्यावर हार्डनर घालून घट्ट होणारं चिकट रेझिन ओतून रोलर फिरवायचा, असे थर द्यायचे आणि वाळल्यावर सोडवून घ्यायचं. याआधी आम्ही मुंबईच्या त्या कंपनीला तीनशे बारा डिश दिल्या होत्या. गुवाहाटीपासून कोचीपर्यंत त्या कुठल्या ना कुठल्या छतावर उभ्या होत्या.

दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की नव्या उपग्रहावरून चाचणीचे संकेत सुरू झाल्यापासून एकोणीस ठिकाणी चित्रात चित्र मिसळतंय. कारण आठ दिवसांत कळवावं.

कारण मला माहीत होतं. मी भारती, नाशिकहून डिप्लोमा करून आलेली, या कारखान्याची क्वालिटी इन्चार्ज. तीनशे बाराच्या तीनशे बारा डिशवर ‘पास’ असा निळा शिक्का मी मारला होता. तो शिक्का मी ॲप्रनच्या खिशात ठेवायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. भारी मिजास होती मला त्याची.

आदल्या ऑगस्टमध्ये माल पाठवायची घाई झाली होती. डिश साच्यात चोवीस तास राहायला हवी, पावसाळी हवेत तर थोडी जास्तच, नाहीतर ती वाकते. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर सुधाकर सर पुण्याचे, तोंडाने फार गोड. ते म्हणाले, “मॅडम, आठ तासांनी काढू. वरून तर कडक लागतेय ना?” मी डिशच्या बाकाच्या मापाचा लाकडी फर्मा लावून पाहिला. काठाजवळ तीन मिलिमीटर फट. चालते फक्त एक. छतावर नेऊन एक डिश लावली, तर चित्र स्वच्छ आलं. तेव्हा आकाशाच्या त्या भागात उपग्रहच एक होता, वाकड्या कानालाही त्याचंच ऐकू येणार. शेजारी दुसरा कुणी बोलायला लागला, की मग कान सरळ आहे का वाकडा ते कळतं. हे मला डिप्लोम्यात शिकवलं होतं. मी शिक्का मारला. पंधरवडाभर मारत राहिले आणि रजिस्टर नंतर एका बैठकीत, एकाच पेनाने भरून काढलं. त्यामुळे आता कच्च्या डिश किती आणि कुठल्या, हे मलाच सांगता येत नव्हतं. रजिस्टरात सगळ्याच गुणी होत्या.

दुपारी सुधाकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी दुसरा परिच्छेद वाचला होता तर!

“घाबरू नका,” ते म्हणाले आणि टाईप केलेला एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, की कामगार केसरबाई नथू कोळी हिने हार्डनर चुकीच्या प्रमाणात मिसळल्यामुळे काही डिशमध्ये दोष राहिला, तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती.

“सर, तुम्हीच आठ तास म्हणाला होतात.”

“मी लिहून दिलंय का कुठे? रजिस्टरात सही तुमची आहे. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. ती बाई ठेकेदाराकडची. इथे पावलापावलावर कारखाने आहेत, मिळेल तिला दुसरं काम. गुरुवारपर्यंत सही करा.”

कागद मी पर्समध्ये टाकला. मला राग आला होता, पण भीती त्याहून मोठी होती, आणि तिनेच मला गप्प केलं. संध्याकाळी टोकरखाड्याच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि भाताचा गिचका झाला. राजेंद्रने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं.

केसरबाई साच्यावर काम करणाऱ्या बायकांत सगळ्यांत जुनी, शिरपूरकडची. अंगठेबहाद्दर. डिश वाळली की नाही हे ती बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून सांगायची. ऑगस्टमध्ये तिने मला सांगितलं होतं, “म्याडम, हाई कच्चं से. आज नका काढू.” मी म्हणाले होते, “तुम्ही हात चालवा केसरबाई, डोकं आम्ही चालवतो.” हे वाक्य मला त्या आठवड्यात किती वेळा आठवलं, सांगत नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यामागून तिच्या खोलीवर गेले. कारखान्यामागच्या ठेकेदाराच्या चाळीत दहा बाय दहाची खोली. नवरा नथू सूतगिरणीत पाळीवर गेलेला, मुलगी कावेरी शाळेत. तिचं दहावीचं वेळापत्रक भिंतीवर भाताच्या शिताने चिकटवलं होतं. मी कशासाठी गेले होते? खरं सांगायचं, तर तिने हार्डनर खरोखरच चुकवलं असेल, अशी आशा घेऊन गेले होते. म्हणजे सही करताना हात कापला नसता. असली आशा धरून मी तिच्या घरचं पाणी प्यायले.

मी कागद वाचून दाखवला. ती भाकरी मोडता मोडता थांबली.

“मी कमी-जास्त टाकलं म्हनता?”

“मी नाही म्हणत. सर म्हणतात.”

“मंग सही तुमची कशाले पायजे?”

मी कागदाची घडी घातली. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, “कावेरीची परीक्षा मार्चात से. आता काम सुटलं तर खोली सुटीन, खोली सुटली तर शाळा. थोडं थांबा म्हना सरांले, मार्च जाऊ द्या.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती मुदत मागत होती.

“केसरबाई, कच्च्या डिश किती होत्या, आठवतं का?”

“आठवाचं काय त्यात? ज्याले कुंकू नाही ते कच्चं.”

कुंकू म्हटल्यावर मी हातातला पेला खाली ठेवला. कारण ते कुंकू मला माहीत होतं. आमच्याकडे आगीच्या लाल बादल्याही बनतात. त्यांच्या लाल रंगाचा एक ठिपका ही बाई प्रत्येक डिशच्या पाठीवर लावायची. पहिल्याच खेपेला मी तो पाहिला आणि भडकले. मालावर असली घाण चालणार नाही म्हणून पॅकिंगच्या पप्पूला थिनरने सगळे ठिपके पुसायला लावले होते.

“ते तर मी पुसायला लावले होते,” मी म्हणाले.

“तवा मी आत टाकाले लागली, त्या पुसलेल्यांले बी.” ती किंचित हसली, चोरी कबूल केल्यासारखी. “डिश साच्यातून काढली का मागं लोखंडी कडं बसवतो ना आपन? त्याचे चार सांधे रेझिनने भरतो. त्यातल्या एकात लाल मिसळते मी. ते कसं पुसशाल? रागावू नका म्याडम. पोर सासरी धाडतो तवा कुंकू लावतोच ना? हाई बी एवढ्या लांब जाई राहिलं. पन कच्च्याले कसं लावू? कुंकू लावलं म्हंजे आपन सांगितलं, का पोर चांगली से. ऑगस्टात ज्या तुम्ही काढाले लावल्या, त्यांचे चारी सांधे कोरे.”

देशभर पसरलेल्या तीनशे बारा डिशमधून वाईट तेवढ्या वेचून काढायच्या, तर फर्म्याची गरज नव्हती की रजिस्टरची. छतावर माणूस चढवून पाठीमागे बघायला सांगितलं की पुरे. आणि त्याच सांध्यांवरून हेही सिद्ध होत होतं, की साच्यावरच्या बाईला कच्चं-पक्कं कळत होतं आणि शिक्केवालीने तरीही शिक्का मारला. तिला वाचवायचं, तर मला बुडायलाच हवं होतं. अधलामधला रस्ता मी पुष्कळ शोधला. परतीच्या वाटेवर शोधला, ऑफिसात शोधला, संध्याकाळी कणीक मळताना शोधला. मग राजेंद्रला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “नोकरी जाईल तुझी.” मी म्हणाले, “हो.” त्याने पुन्हा काही विचारलं नाही, म्हणून मला रडू आलं.

गुरुवारी सकाळी, कारखान्यात जायच्या आधी, एसटीडी बूथवरून मी मुंबईच्या कंपनीला फॅक्स केला. तिथे डिश बसवायचं काम रघुनाथ नावाचे इंजिनियर बघायचे, त्यांच्या नावाने. लाल सांध्याची खूण लिहिली. शेवटी लिहिलं, की कोऱ्या सांध्यांच्या डिश मुदतीआधी साच्यातून काढल्या होत्या, कामगार केसरबाई कोळी यांनी तसं सांगितलं होतं, तरीही मी त्या पास केल्या. खाली सही केली. मशीनमधून कागद आत सरकला तेव्हा त्याला मागे ओढावंसं वाटलं, इतकी मी शूर.

सुधाकर सरांचा कागद सहीविनाच परत केला आणि फॅक्सची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

पुढचे चार दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. केसरबाईने एखाद्या डिशला चुकून लाल लावलं असेल तर? लावायचं राहून गेलं असेल तर? उन्हाने रंग उडाला असेल तर? मग मी एका अडाणी बाईच्या कुंकवावर तिची नि माझी, दोघींची भाकरी लावली असं होईल. फॅक्सची घंटी वाजली की मी हातातलं काम टाकून मशीनपाशी जायची. केसरबाई रोज सकाळी माझ्याकडे बघायची, मी मान हलवायची, ती कामाला लागायची. कमी करण्याचा कागद अजून सरांच्या खणात होता. माझ्या सहीवाचूनही तो चालला असता.

सोमवारी दुपारी उत्तर आलं. कारखान्याचे मालक शेठ वापीहून आलेले होते, त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचलं. ठिकठिकाणी फोन करून छतांवर माणसं चढवली होती आणि एकूण त्रेचाळीस डिशचे सांधे कोरे सापडले होते. तक्रारीच्या एकोणीसच्या एकोणीस डिश त्या त्रेचाळीसांत होत्या. लाल सांध्याच्या एकाही डिशची तक्रार नव्हती. त्रेचाळीस डिश आधी बदलून द्या, पाचशेची ऑर्डर कायम राहील. पण यापुढे लाल सांध्याशिवाय एकही डिश घेतली जाणार नाही, आणि तो सांधा त्याच बाईंच्या हातचा असला पाहिजे. शिक्क्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

केसरबाईचा कागद शेठनी फाडला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बेन, तमे महिनाअखेरपर्यंत दुसरी नोकरी शोधी लो.” सुधाकर सरांना कुणी काही विचारलं नाही. लिहून दिलेलं काही नव्हतंच.

एकतीस तारखेला माझा शेवटचा दिवस होता. सकाळीच शिक्का ऑफिसात जमा केला. चारच्या सुमारास निघताना साच्यांच्या शेडमध्ये डोकावले. बदलून द्यायच्या डिशची पहिली खेप साच्यांवर होती, बाहेर टेम्पो उभा होता. सुधाकर सर लाल रंगाचा डबा हातात घेऊन केसरबाईपाशी उभे होते.

“बाई, काढा आणि लावा लाल. टेम्पो किती वेळ थांबणार?”

केसरबाईने पेराने ठोकलं, कान लावला. मग डबा घेतला आणि खाली ठेवून दिला.

“कच्चं से, सर. सकाळपर्यंत ऱ्हाऊ द्या.”

“वरून कडक लागतेय! मॅडम, तुम्ही सांगा हिला.” सर सवयीने माझ्याकडे वळले. माझी शेवटची तारीख आहे, हे ते त्या क्षणी विसरले असावेत.

माझाही हात सवयीने खिशाकडे गेला. ॲप्रन नव्हता, साडी होती. मी पर्स खाली ठेवली, साच्याजवळ गेले आणि केसरबाईसारखं पेराने ठोकलं, कान लावला. शेजारच्या पूर्ण वाळलेल्या डिशवर ठोकलं. पुन्हा हिच्यावर ठोकलं. केसरबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला दोन्ही आवाज अगदी सारखे ऐकू आले.

“कच्चं आहे, सर,” मी म्हणाले.