हिरव्या दाराची आठवण

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर पडलेल्यांपैकी कोणी रडत होतं, कोणी भिंतीला मिठी मारून हसत होतं. स्वतःला ‘स्मृतिगुरू’ म्हणवणारे गृहस्थ मधून फिरत, एकेकाच्या कानाशी लागत. डॉक्टर नुसती पानं खुडतात, भीतीचं मूळ आपण उपटतो, असं त्यांचं म्हणणं. पेलाभर कडू काढा घेतला की पुरलेली आठवण म्हणे आपोआप वर येई.

लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक त्यांच्या नादी लागला. शाफ्टमध्ये सहा तास अडकल्यापासून बंद जागेत त्याचा जीव घुसमटे. डॉक्टरांनी त्यावर दिलेल्या गोळ्या गुरूंनी बंद करायला लावल्या. दुसऱ्या बैठकीनंतर तो बेधडक लिफ्टमध्ये शिरला. चमत्कारच की! तिसरीनंतर त्यानं वडिलांची कॉलर धरली: लहानपणी तुम्हीच मला हिरव्या दारामागे कोंडलंत. त्यांच्या घराला असलं दार कधीच नव्हतं. पुढे आठवडाभर मुलाचा डोळ्याला डोळा लागला नाही. भिंती बोलतात, म्हणू लागला.

त्याची थोरली बहीण नर्स. तिनं त्याला मनोरुग्ण विभागात भरती केलं. तिथंच एक शिवणकाम करणारी बाई मामाला शिव्या घालत होती. त्यानं म्हणे तिला हिरव्या दारामागे कोंडलं होतं. नर्स चमकली.

ती स्वतः बैठकीला गेली. काढा गुपचूप बाटलीत ओतला, डोळे मिटून पडली आणि पदराआड फोनवर आवाज टिपला. गुरू वाकून कुजबुजले, “हिरवं दार दिसतंय ना? कडी कोणी लावली? तुझ्याच माणसानं.”

बाटली तिनं तपासायला दिली. प्रयोगशाळेनं काढ्यात भ्रम घडवणारी अळंबी असल्याचं सांगितलं.

पुढच्या बैठकीत पेले वाटण्याआधी ती उभी राहिली. “हिरवं दार कोणाकोणाला आठवलं?”

एकवीस हात वर झाले. मग ती माणसं एकमेकांकडे बघू लागली. तिनं फोनवर टिपलेली गुरूंची कुजबुज सगळ्यांना ऐकवली. गुरू मागच्या जिन्यानं सटकले. तिनं आधीच कळवून ठेवलेल्या पोलिसांनी त्यांना खालीच धरलं.

ठक आळशीही होता. सगळ्यांना एकच गोष्ट पुरवायचा. दोष मात्र घरच्यांवरच ढकलायचा, कारण घरच्यांवरचा विश्वास उडालेला माणूस त्यालाच चिकटून राही. अळंबीच्या अमलाखाली मन मऊ पडतं. कानात पडेल ते खरं वाटतं. भीती थोडा वेळ हटलीही असेल, पण आधीच आजारी असलेलं मन त्यात फाटू शकतं. अशा द्रव्यांवर शास्त्रज्ञ अभ्यास करतात, पण माणसं पारखून, डॉक्टर शेजारी बसवून, आणि खात्रीचा इलाज सापडला असं न म्हणता.

मेकॅनिक सावरतोय. वडील रोज भेटायला जातात. तो अजून त्यांच्या नजरेला नजर देत नाही.

तेव्हा गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला आधी विचारा: पेल्यात काय आहे? उत्तर टाळलं, तर उठून घरी या.