वन्सं पेटाऱ्यावर बसतात

सामोआतल्या आमच्या गावात घर म्हणजे खांब आणि वर छप्पर. भिंतीच नाहीत. त्यामुळे लुपेने खाण्याच्या पेटाऱ्याला कुलूप लावलं ही बातमी दुपारच्या आत गावभर झाली. पोटच्या पोरीपासून अन्न लपवते! गावाने तोंडात बोटं घातली आणि तिच्या मोठ्या वन्संनी, तालाइतांनी, यथेच्छ तोंडसुख घेतलं.

लुपेच्या ओलिपाला जन्मापासून एक दुर्मीळ आजार होता. पोट भरल्याचा निरोप तिच्या डोक्यापर्यंत पोचायचाच नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोजून द्या, नाहीतर एक दिवस पोट फुटेल. वन्संचं वैद्यक सोपं होतं: भुकेल्याला खायला घाला. लुपेची पाठ वळली की त्या पोरीला केळी चारायच्या, पाद्रीबाई पाव. पोरगी फुगत चालली, चार पावलांत धापा टाकायची, पण गावाच्या मते ते बाळसं होतं.

त्यात मुलांचा रविवार आला. त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतली मुलं चर्चमध्ये वचनं म्हणतात, मग त्यांची पंगत आधी आणि मोठी माणसं वाढपी. मूल मागेल ते नाकारायचं नाही, असा रिवाज. गेल्या वर्षी ओलिपा मागत गेली, वन्सं वाढत गेल्या आणि शेवटी पोरीला हॉस्पिटलात न्यावं लागलं. वन्संच्या मते ती भुताची करणी होती.

यंदाची पंगत लुपेच्याच घरी होती. भाजलेलं डुक्कर चटईवर आलं, तशी लुपे ओलिपाच्या पानाशी जाऊन उभी राहिली.

"तू आज मध्ये बोलायचं नाहीस, लुपे," वन्संनी दटावलं. "आज शब्द पोरांचा." मग साऱ्या पंगतीसमोर ओलिपाला म्हणाल्या, "बोल गं बाय, काय हवं? मागशील ते देते. बघू कोण अडवतं."

ओलिपा डुकराकडे बघत राहिली.

"कुलूप लाव, आत्या."

"कशाला?"

"सगळ्याला. डुकरालापण. उघडं असलं ना, की मला खेळताच येत नाही. सारखं तेच दिसतं."

पाद्री उगाच खोकले. वन्संचा चेहरा उतरला, पण दवंडी त्यांनीच पिटली होती, आता शब्द गिळायचा कसा? लुपेने मुलांची पानं वाढली, ओलिपाचं मोजून. उरलेलं सगळं पेटाऱ्यात कोंबलं. डुकराचे पाय आडवे आले, झाकण लागेना, मग कुलूप कुठलं लागायला? शेवटी वन्संच वर बसल्या. झाकणाची काय बिशाद, मुकाट्याने लागलं.

ओलिपाने पान चाटूनपुसून संपवलं. पेटाऱ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि धापा टाकत इतर पोरांच्या मागे खेळायला गेली. लुपेला रडूच आलं.

उपाशी मोठी माणसं कुरकुरत पांगली. वन्सं हलल्या नाहीत; उठल्या असत्या तर झाकण पुन्हा वर आलं असतं. लुपेने मागे झाकून ठेवलेला माशाचा तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"वन्सं, दोन घास खाऊन घ्या."

उभ्या जन्मात वन्संनी पुढे आलेलं ताट परतवलं नव्हतं. त्यांनी माशाकडे पाहिलं, मग अंगणाकडे.

"नको," त्या म्हणाल्या. "झाक ते. पोर खेळतेय."