पानासकट पेरू

मास्तरांचे डोळे मिटलेत याची खात्री करून तिने बशीतला मऊ पडलेला पेरू उचलला आणि पिशवीतला नवा त्याच जागी ठेवला. पान खिडकीकडे, देठ किंचित डावीकडे.

हा सातवा. आजारपणात मास्तरांच्या, तिच्या नवऱ्याच्या, उजव्या हातातलं बळ गेलं, तेव्हापासून दोन दिवसांचं चित्र महिनाभर रेंगाळलं होतं; आणि पेरू काही कुणासाठी थांबत नाही. त्यावर डाग दिसला की मास्तर ब्रश खाली ठेवतील आणि पुन्हा उचलणार नाहीत, ही तिची धास्ती.

फळवाला वैतागला होता.

"मावशी, पेरू खायचाय की त्याचं लग्न जुळवायचंय?"

"लग्नच समज. मागच्यासारखाच दे, पानासकट."

ड्रॉइंग शिकवता शिकवता मास्तरांनी भिंती भरून फळं रंगवली. तिचं चित्र मात्र एकही नाही. तरुणपणी तिने एकदा धीर करून विचारलं होतं.

"तू एका जागी थांबशील तर ना!" ते हसत म्हणाले होते.

तेव्हापासून भिंतीवरची सफरचंदं तिला सवतीसारखी वाटायची. तरीही घरात कुणी नसलं की ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची. ती फळं काही मागत नसत, त्यांना कुठे जायची घाई नसे. बघता बघता जिवाला बरं वाटायचं.

अर्धवट चित्रावर मास्तर फडकं टाकून ठेवत. त्या दिवशी ते अंघोळीला गेले असताना फडकं घसरलेलं दिसलं. सारखं करायला गेली आणि तिथेच थबकली. पेरू होता, पान होतं. आणि पेरू अलगद टेकवणारा एक हात होता. सांधे सुजलेला, मधलं बोट जरा वाकडं.

मागे काठी वाजली.

"तुम्ही जागे असायचात?"

"मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं चाललं होतं तुझं," मास्तर म्हणाले. "पेरू दर खेपेला वेगळा. हात मात्र बरोबर त्याच जागी."

तिला रडू आलं. ते लपवायला ती फडकं झटकू लागली.

"अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग राहिलाय अजून," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर झोपेचं सोंग घेऊन पडले होते. बशीतला पेरू आदल्या दिवशीचाच, चांगला टणक होता. तरी तिने तो उचलला, आणि पुन्हा जागेवर ठेवायला बराच वेळ लावला.