अर्ध्या साखरेचं लिंबू आईस्क्रीम

डॉक्टरांनी गोड निम्म्यावर आणायला सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी शहाण्यासारखी मान हलवली. घरी आल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. आईस्क्रीमचं दुकान त्यांचं स्वतःचं, आणि रोज दुपारी वाटीभर लिंबाचं आईस्क्रीम खाल्ल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिला त्यांची दया आली, पण ते काही बोलू देणाऱ्यातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप निम्म्या साखरेचा एक डबा लावला. संध्याकाळी सून शाळेतून दुकानात आली, तर सासरे डब्याशी झटापट करत होते.

"बघ, दगड झालाय नुसता! डाव वाकला, पण याचा टवका उडेना."

"साखरच कमी केलीत ना, म्हणून."

"गोडी कमी झाली असती, समजलं असतं. कडक कशाला व्हायला हवं?"

सुनेने फ्रीजरच्या काचेवर साचलेल्या दवावर बोटाने आकडे मांडले. नेहमीच्या डब्यात लिटरभर पाण्याला तीनशे ग्रॅम साखर. साखरेचा एक मोल, म्हणजे कण मोजायचं ठरलेलं माप, तीनशे बेचाळीस ग्रॅमचा. म्हणजे ०.८८ मोल. किलोभर पाण्यात एक मोल विरघळला की पाणी शून्याच्या १.८६ अंश खाली गोठतं. गुणाकार केला की आलं उणे १.६.

"साखर निम्मी केलीत, तर हेही निम्म्यावर आलं. मग फ्रीजरमध्ये बर्फ जास्त होतो, मऊ ठेवणारा पाक कमी उरतो."

"आणि पाक उकळताना?"

"तेच कण, पण उलट. उकळायला शंभरच्या वर जरासं जास्त तापवावं लागतं. अर्धा अंशसुद्धा नाही, तुम्हाला कळायचंही नाही."

सासरे काचेकडे बघत राहिले. "म्हणजे पाण्याला कोण आलंय याच्याशी देणंघेणं नाही, किती जण आलेत एवढंच?"

"अगदी!" ती म्हणाली. इतकं चांगलं तिला वर्गातही सांगता आलं नव्हतं.

"मग मीठ घाल की! यंत्राभोवतीच्या बर्फात आम्ही तेच तर घालायचो."

मिठाचा एक कण पाण्यात फुटून दोन होतो, म्हणून ते थोडं पुरतं. हिशेब तेरा ग्रॅमचा निघाला. तेवढं सासऱ्यांनी घातलंही. आईस्क्रीम लोण्यासारखं मऊ झालं. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"अगं, समुद्र गोठवलास!"

दोघंही पोट धरधरून हसली. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून दोघं एकत्र अशी हसण्याची ही पहिलीच वेळ, हे सुनेच्या लक्षात आलं आणि तिला जरा बरं वाटलं.

"ग्लिसरीन चालेल," ती म्हणाली. "त्याचा मोल ब्याण्णव ग्रॅमचाच. चाळीस ग्रॅम पुरेल."

"ते ओठांना लावतात!"

"केकवाल्यांकडे खायचं मिळतं. पण आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांनी थोडं चालेल म्हटलं. नव्या डब्यात डाव अलगद उतरला. सासऱ्यांनी वाटीत काढून घेतलं, चाखलं, पुन्हा चाखलं. चव थोडी वेगळी होती, पण लिंबू पुढे आलं होतं. इतक्यात सासूबाई दुकानात डोकावल्या. त्यांनी न विचारता सासऱ्यांच्याच वाटीतला चमचा उचलून तोंडात घातला.

"हे छान झालंय. जुनं मला मेलं फारच गोड लागायचं."

सासऱ्यांचा हात थांबला. "इतकी वर्षं खातेस, कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

सासऱ्यांनी कपाटातून आणखी दोन वाट्या काढल्या, भरल्या, एक बायकोच्या आणि एक सुनेच्या हातात दिली, आणि तिघंही दुकानाच्या पायरीवर टेकली.