बाबाने बाद केलेले छर्रे

तीनशे पंच्याण्णव. त्याहून एक दशांश गुण जरी कमी पडला, तरी मी राखीव. आणि राखीव म्हणजे स्पर्धेच्या दिवशी बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणं. टीममध्ये एकच जागा उरली होती. आमच्या शाळेचे रायफल कोच मिस्टर क्वेक यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मी सगळ्यांसमोर "कॅन, कोच", म्हणजे जमेल, असं म्हणून मोकळी झाले. मागच्या वर्षीची गार्गी असती तर कोपऱ्यात उभं राहून बुटाची नाडी बांधत बसली असती.

निवडीसाठी चाळीस नेम, पन्नास मिनिटं, दहा मीटरवरून एअर रायफल. काचेमागे बाबा उभा होता. खास रजा काढून.

माझा बाबा जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत व्हॉल्व्ह तपासतो. दोन भाग एकमेकांत किती घट्ट बसतात हे मोजायचं, हे त्याचं कामच. छर्रे घरी न्यायची परवानगी नसते, म्हणून गेल्या शनिवारी तो कोचना विचारून मायक्रोमीटर घेऊन थेट रेंजवर आला. कोच आमच्या सरावात अडकलेले, आणि हा कोपऱ्यातल्या टेबलावर अख्खा डबा ओतून बसलेला. एकेक छर्रा चिमटीत धरायचा, मायक्रोमीटरमध्ये दाबायचा, आकडा बघायचा. डब्यावर ४.५० छापलं होतं. त्याहून जाड निघालेले सगळे परत डब्यात गेले आणि डब्यावर मार्करने 'बाद' असं लिहिलं गेलं. मापात बसलेले साठच होते. ते त्याने छोट्या डबीत भरून माझ्या हातात दिले.

"बहुतेक सगळे जाड निघाले गं. कारखान्यात कुणी तपासतं की नाही कोण जाणे. आता हेच वापर."

तेच वापरत होते. पहिला नेम १०.२. दुसरा ८.९. मग १०.१, मग ८.७, आणि तोही भलत्याच बाजूला. मी श्वास तपासला. कोपर तपासलं. पायाचा कोन बदलला आणि परत होता तसा केला. दहा नेमांची बेरीज ९५.१ झाली. मला प्रत्येक दहाला जवळजवळ नव्याण्णव हवे होते. शेजारच्या लेनमध्ये जिया यी शांतपणे एकामागून एक नेम मारत होती. तिचीही नजर टीममधल्या त्याच जागेवर होती.

अकरावा, ८.६.

हा काही माझा श्वास नव्हता. घोडा ओढला तेव्हा नेम मधोमध होता, हे मला पक्कं माहीत होतं.

बारावा छर्रा नळीच्या मागच्या तोंडाशी ठेवला. अंगठ्याने ढकलायच्या आधीच तो आत घरंगळला. एरवी थोडा जोर लावावा लागतो, तेव्हा कुठे तो घट्ट बसतो. आणि मला कोचचा पहिल्या आठवड्यातला धडा आठवला. छर्ऱ्याला पुढे भरीव डोकं असतं आणि मागे पातळ, पोकळ घेर. डब्यावरचा आकडा डोक्याचा. घेर त्याहून मोठाच हवा, कारण मागून येणारी हवा तोच अडवतो. मोठ्या रायफलच्या काडतुसाचंही तसंच असतं, वरचा आकडा सगळ्या भागांचा नसतो, ते म्हणाले होते. माप किती, हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, कुठलं.

बाबाच्या मायक्रोमीटरमध्ये सगळ्यात रुंद भाग सापडत होता. म्हणजे घेर. त्याने चांगला घेर असलेले सगळे बाद केले होते आणि बारीक घेरवाले निवडले होते. शिवाय शिसं मऊ. पोलादाच्या सवयीने दाबताना काही चेपलेही असणार.

घड्याळात चौतीस मिनिटं उरली होती. छर्रे बदलले की फटक्याची जागा सरकते, आणि न मोजले जाणारे सरावाचे नेम आता मिळणार नव्हते. पहिलाच मोजला जाणार होता. आणि बाद डबा माझ्या रेंजवरच ठेवायच्या बॅगेत होता, बॅग काचेपाशी, म्हणजे बाबाच्या पायाशी.

मी नळीतला छर्रा काढला, रायफल ठेवली आणि हात वर केला.

"कोच, दुसरे छर्रे आणू?"

"आत्ता? वेळ थांबणार नाही, गर्ल."

"माहितीये."

"मग जा लाह, विचारतेस काय."

मी बॅग उघडली तेव्हा बाबा काचेपलीकडून जोरजोरात मान हलवत होता. तो नाही, तो नाही. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बहुतेक डबा परत ठेवला असता.

बाद छर्रा नळीच्या तोंडाशी अडला. अंगठ्याने ढकलला तसा घट्ट बसला. ९.७, जरा वर. साइट एक क्लिक खाली घेतली. १०.३. १०.१. ९.८. १०.४. मग मी बेरीज बघायचंच बंद केलं.

एकोणचाळीस नेमांनंतर नाइलाजाने बघितली. ३८४.९. शेवटच्याला १०.१ हवे होते, आणि दोन मिनिटं होती. एकदा रायफल उचलली, नेम थरथरला, खाली ठेवली. चाळीस सेकंदं. पुन्हा उचलली.

१०.३.

जिया यीचे ३९४.६ झाले होते. हात पुढे करून ती म्हणाली, "शाबास. पण तुझा चेहरा बघून मला वाटलं, तू गेलीस."

कोचनी यादीत माझं नाव लिहिलं आणि बाबाला एक छर्रा नखावर उलटा करून दाखवला. बाबाने तो बराच वेळ न्याहाळला. नुकतंच दुरुस्त करून पुन्हा बंद पडलेल्या मशिनकडे बघतो तसा.

मग माझ्याकडे वळला. "कधी कळलं तुला?"

"बाराव्याला."

"मग अकरा नेम काय करत होतीस?"

"मला वाटलं, मीच चुकतेय."

बाबाने छर्रा कोचना परत दिला. "मलाही तेच वाटलं," तो म्हणाला.