उलट उत्तर

जीबेकने आईच्या हातातला फोन ओढूनच घेतला आणि खाणावळीच्या गल्ल्यामागे उभ्या हालिमा एजेच्या, सगळ्या गल्लीच्या हालिमाताईच्या, पुढ्यात टाकला.

"चार्जिंगला लावा. मेलाय."

शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"मेला कुठला? अर्धा भरलाय की," आई म्हणाली.

"लावू दे गं, पोरगी म्हणतेय तर," हालिमा एजे म्हणाली. तिने फोन घेतला, खाली धरून बंद केला आणि पुसायच्या फडक्याखाली सरकवला. हे सगळं तिने आईच्या तोंडाकडे बघून हसत केलं. जीबेकला एवढं जमलं नसतं.

खिडकीजवळच्या टेबलाशी मायलेकी बसल्या. बाहेर बाजाराच्या गल्लीत चिखल झाला होता आणि डोंगरांवर पार खालपर्यंत बर्फ उतरलं होतं. आईने तिकडे बघितलं. जीबेकने पटकन पडदा ओढला.

"ऊन येतंय डोळ्यांवर."

"कुठंय ऊन?"

ऊन नव्हतंच. तिकडे त्या डोंगरांत, घाटाच्या वरच्या वळणावर, आदिलेतचा कोळशाचा ट्रक पहाटे दरीत गेला होता, आदिलेतसकट. आदिलेत म्हणजे आईचा थोरला, जीबेकचा भाऊ. बापाला कळलं, काकांना कळलं, अर्ध्या गल्लीला कळलं. आई तेवढी बाजारात लोकरीचे मोजे विकत बसली होती. तोकोन काकांनी जीबेकला फाटकातच धरलं होतं. आईला दुकानातून उठव, हालिमाकडे ने, पोटभर खाऊ घाल. गावाहून थोरले आजोबा निघालेत. ते आले, अंगणात दुखवट्याचा तंबू उभा राहिला, की मी फोन करतो, मग आण. आणि शेवटी म्हणाले होते, "तोंड सांभाळ. तुझं तोंड म्हणजे देवा रे."

अशी बातमी एकट्यादुकट्याने सांगायची नसते. घरची मोठी माणसं आईच्या दोन्ही बाजूंना बसणार, बायका तिचे हात धरणार, मग सगळ्यात म्हातारा बोलणार. तोवर तिला कळता कामा नये. आणि राखणीला कोण, तर जीबेक, जी इतिहासाच्या बाईंना डस्टर फेकून मारून शाळेतून बाहेर पडली ती परत फिरकलीच नाही.

हालिमा एजे दोन मोठे वाडगे घेऊन आली. थंडगार अशलान-फू. ओढलेल्या शेवया, स्टार्चच्या थरथरत्या पांढऱ्या वड्या, अंड्याच्या चिंध्या, वर लाल मिरचीचा आंबट रस्सा. सोबत बटाटा भरलेल्या गरम तळलेल्या पोळ्या. आईच्या वाडग्यात अंडं दुप्पट होतं.

"काय गं सायरा, खा. आज मी स्वतः ओढल्यात."

"आज काय लग्न आहे का तुझ्याकडं? एरवी अंडं मोजून टाकतेस."

"खा गं बाई तू," एजे म्हणाली आणि घाईने वळली.

आईने व्हिनेगरची बाटली उचलून वाडग्यावर पालथीच केली आणि मग भुरका मारला. डोळे मिटले. एवढी खूश ती कधी दिसली होती, जीबेकला आठवेना.

दार उघडलं. गल्लीतला टॅक्सीवाला झामिर आत आला. आईला पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. त्याने टोपी काढली, दोन्ही तळवे दुआला धरतात तसे वर आणत टेबलाकडे निघाला. हालिमा एजे मध्ये शिरली आणि त्याच्या त्या उघड्या हातांत उकळत्या चहाची किटली ठेवली.

"आई गं!" झामिर ओरडला.

"धर नीट, सांडशील. जा, कोपऱ्यात बस. तुझी जागा तिकडं आहे."

तो गेला. पाठ करून बसला.

"ह्याला काय झालं?" आईने विचारलं.

"बायकोशी भांडला असेल."

"भांडणारच. तिला तरी कुणीतरी मिळालाय भांडायला." आईने पोळीचा तुकडा मोडला. "तुला कोण घेणार? शाळा नाही, काम नाही. दुपारपर्यंत लोळायचं. आणि आज मला जेवायला आणतेस. कुणाकडून उचललेस पैसे?"

एरवी एवढ्यावर जीबेकने वाडगा ढकलला असता. मोजे विकून कुठे राणी झालीस तू, असं काहीतरी बोलून दार आपटून गेली असती. जिभेवर आलंच होतं.

"काकांनी दिले," ती म्हणाली.

"रविवारी आदिलेत येतोय. येऊ दे, सांगतेच त्याला. तो एक तुला सरळ करील. पोरगा तिकडं बर्फात गाडी हाकतो, आणि ही महाराणी इकडं त्याच्या जिवावर खाते."

जीबेकने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली, बरं वाटलं.

"हो, आई."

आईचा चमचा अर्ध्या वाटेत थांबला. मग तो तोंडात गेला. ती सावकाश चावत राहिली, जीबेककडे बघत.

"आणि ते केस. मेंढी भादरल्यासारखी दिसतेस."

"वाढवते परत."

"वाढवते?"

"हो. वाढवीन."

कोपऱ्यात झामिरने खुर्चीसुद्धा हलवली नाही. गल्ल्याशी हालिमा एजे एकच पेला पुसत होती. मघापासून तोच पेला. रोज या वेळी इथे कुणी कुणाची टर उडवल्याशिवाय घास उतरत नसे. एजेच्या तोंडाला तर कुलूप म्हणून नव्हतं.

आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं. मग पुढे वाकली आणि हळू आवाजात, एकेक शब्द तोडत बोलली.

"तुझ्याऐवजी दगड जन्माला घातला असता तर भिंतीला तरी लागला असता."

जीबेकचे कान तापले. टेबलाखाली तिने एका हाताची नखं दुसऱ्या हातात रुतवली. तोंड सांभाळ. तोंड सांभाळ.

"खरंय तुझं," ती म्हणाली.

आईने चमचा खाली ठेवला. आवाज होऊ न देता. बोटं चमच्यावरच राहिली. रश्श्यातल्या पांढऱ्या वड्या थरथरत होत्या, कारण टेबल थरथरत होतं, आणि टेबल कोण हलवतंय हे दोघींनाही बघायचं नव्हतं.

तिने काय झालं, असं विचारलं नाही. कोण, असंही विचारलं नाही.

"जीबेक."

"हं?"

"भांड ना माझ्याशी."

जीबेकने मान वर केली. आईचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे कोरडे होते. त्या डोळ्यांत ती एवढंच मागत होती.

"एकदाच. रोज भांडतेस तशी."

जीबेकने तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला शब्द शोधावे लागले.

"तू... तू घोरतेस."

"कोण घोरतं?"

"तू. डुकरासारखी. शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं."

"मी घोरते?" आईचा आवाज फाटला, तरी तिने तो ओढून वर नेला. "आणि तू? झोपेत दात खातेस! लहानपणी जंतांचं औषध पाजून पाजून हात दुखले माझे!"

"पाजायचंस कशाला मग? मरू द्यायचंस!"

दोघी थांबल्या. हालिमा एजेने पेला खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"बोल," आई म्हणाली. "थांबू नकोस."

"आणि तुझा चहा म्हणजे घोड्याचं मूत," जीबेक ओरडली. गालांवरून पाणी वाहत होतं, तिने पुसलं नाही. "सगळी गल्ली म्हणते!"

"कोण म्हणतं? नाव घे! नाव घे एकेकाचं!"

तेवढ्यात टेबलावरचा जीबेकचा फोन गुरगुरायला लागला. काचेवर 'तोकोन काका' उमटलं. तो गुरगुरत गुरगुरत वाडग्याला जाऊन टेकला.

आईने त्याच्याकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि तो पालथा घातला.

"हं," ती म्हणाली. "घोड्याचं मूत. आणखी काय?"