आडवी रेघ

जुना प्रिंटर बंद पडला तेव्हा सासऱ्यांनी त्याच्यावर एक धुतलेलं फडकं पांघरलं आणि कंपनीला पत्र लिहायला बसले. फोनवर कंपनीच्या लोकांनी एकच पालुपद लावलं होतं: तो प्रिंटर आता बनत नाही, वर्कस्टेशनसकट सगळं नवं घ्या. सासऱ्यांचा मुळात फोनवर विश्वास नव्हता. ‘आपल्या सॉफ्टवेअरवर दुसऱ्या कंपनीचा लेझर प्रिंटर कसा चालवावा, ते कळवावे,’ असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि उत्तराची वाट पाहू लागले.

सूनबाई वाट पाहणाऱ्यांतली नव्हती.

या दोघांचं बुटांचं दुकान होतं, पण बाजारातल्या बुटांत मावतील अशा पायांसाठी नव्हे. एकाचा पाय आखूड, एकाची बोटं वाकडी, एकाची टाच झिजलेली, अशी माणसं तिथे यायची. सूनबाई पायाची मापं वर्कस्टेशनच्या संगणकावर भरायची, सॉफ्टवेअर बुटाचा नमुना आखायचं, प्रिंटर तो खऱ्या मापात कागदावर छापायचा, आणि कागद चामड्यावर ठेवून सासरे कापायचे. पूर्वी हाताने नमुने काढायच्या त्या सासूबाई. त्या गेल्या आणि ती विद्याही त्यांच्याबरोबर गेली.

नेमक्या त्याच दिवसांत टपालताई आली. ती याच गल्लीची टपालवाली. सायकलवरून पडून तिच्या डाव्या पायाची नडगी आणि पंजा दोन्ही मोडले होते; हाडं जुळली, पण पंजा पसरट झाला आणि पाय दोन बोटं आखूड राहिला. सहा महिने तिला टेबलाशी बसवून पत्रं निवडायला लावलं होतं.

“साहेब म्हणाले, येत्या सोमवारी फेरीवर निघालीस तर फेरी तुझी, नाहीतर कायमची दुसऱ्याला,” ती म्हणाली. “वहिनी, बसून बसून मला गंज चढलाय हो. काहीतरी करा.”

“सोमवारी तू चालणार,” सूनबाई म्हणाली. सासऱ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. घरात प्रिंटरचा पत्ता नाही आणि ही बाई शब्द देऊन मोकळी!

दुसऱ्याच दिवशी तिने एका वकिलाच्या बंद झालेल्या कचेरीतून जुना लेझर प्रिंटर उचलून आणला. वेगळ्या कंपनीचा, पण धडधाकट. जोडला, बटण दाबलं, आणि त्याने बुटाऐवजी पानंच्या पानं अगम्य अक्षरं ओकायला सुरुवात केली. चाळीस पानं झाल्यावर तिने वायर उपटली.

“बुटावर कविता छापतोय का?” सासरे म्हणाले.

“छापू दे. दमला की ऐकेल.”

सूनबाई प्रिंटरची माहितीपुस्तिका घेऊन बसली. सॉफ्टवेअर चित्राच्या भाषेत बोलत होतं आणि प्रिंटर त्याला साधा मजकूर समजत होता. प्रिंटरच्या मेनूत शिरून तिने भाषा कायमची ठरवून टाकली. अक्षरं थांबली, आता प्रिंटर काहीच छापेना. सॉफ्टवेअरकडे ओळखीच्या प्रिंटरांची एक यादी होती आणि त्या यादीत एकच नाव, ते फडक्याखाली झाकलेल्याचं. ओळख नाही तर दारात उभं करत नाही, अशी ही मिजास! तिने जुन्या प्रिंटरच्या माहितीच्या फाइलची नक्कल केली, नाव तेवढं बदललं, आणि नव्याला जुन्याच्या जागी उभं केलं. गुरुवारी दुपारी खरोखरचा नमुना बाहेर आला.

कापण्याआधी दुकानाचा एक रिवाज होता, प्रिंटर आला तेव्हा सासूबाईंनी घातलेला. प्रत्येक नमुन्याच्या कडेला दहा सेंटिमीटरची एक उभी रेघ असे. ती पोलादी पट्टीने मोजायची आणि मगच कात्रीला हात लावायचा. सासऱ्यांनी मोजली. नऊ पूर्णांक सात.

सूनबाईने फाइलमधला लांबीचा आकडा थोडा वाढवला, पुन्हा छापलं, पुन्हा वाढवला. सहाव्या कागदावर रेघ बरोबर दहा भरली. सासऱ्यांनी मान डोलावली आणि चामडं कापलं.

शुक्रवारी संध्याकाळी टपालताईने बूट चढवला आणि दातांवर दात दाबले. उंची झकास होती, टाच बरोबर बसली होती, पण पंजा चिमट्यात धरल्यासारखा आवळला होता.

“चालेल,” ती घाईने म्हणाली. “सैल होईल हळूहळू.”

“होणार नाही,” सूनबाई म्हणाली. “काढ तो.”

त्या क्षणी तिला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. तसल्याच एका जोडाचं चामडं शिल्लक होतं आणि शनिवार-रविवार हातात होता. सासरे म्हणाले, “रुंदीला अंदाजाने चार मिलिमीटर सोडून कापतो.”

“अंदाजाने नाही, बाबा. आईंनी अंदाजाने कधी कापू दिलं होतं?”

सासऱ्यांनी कात्री खाली ठेवली.

शनिवारी सकाळी ती फाइलसमोर पुन्हा बसली आणि ओळ न् ओळ वाचत गेली. लांबीच्या आकड्याखालीच रुंदीचा वेगळा आकडा होता. जुना प्रिंटर नमुना दोन्हीकडे ताणून छापायचा, म्हणून त्याच्यासाठी दोन्ही आकडे मुद्दाम कमी करून ठेवलेले. तिने नकलेत जुन्या रोग्याचं औषध नव्याला पाजलं होतं, आणि पट्टी लावली ती फक्त उभ्या रेघेला. इतकी वर्षं उभी बरोबर तर आडवी बरोबर असं सगळे धरून चालले होते.

तिने नमुन्यावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ घातली. मोजली तर नऊ पूर्णांक सहा. दुपारपर्यंत दोन्ही रेघा दहा भरल्या. तरी तिने कागद बदलून, प्रिंटर तापू देऊन आणखी तीनदा छापून पाहिलं. मग सासऱ्यांनी कात्री उचलली. रविवारभर दोघं जेवणापुरतीच उठली.

सोमवारी सकाळी टपालताई बूट घालून दुकानाच्या पायऱ्या उतरली, कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली आणि एकदम रडायलाच लागली. “दुखत नाही हो,” ती म्हणाली. “काहीच दुखत नाही.” मग डोळे पुसून कचेरीकडे पळाली.

साडेअकराला दारात ओळखीची हाक आली. सहा महिन्यांनी ऐकलेली.

“काका, टपाल!”

तिने हातात दिलेलं पाकीट कंपनीचं होतं. सासऱ्यांनी उभ्या उभ्या फोडून मोठ्याने वाचलं: ‘अन्य कोणत्याही कंपनीचा प्रिंटर आमच्या सॉफ्टवेअरवर चालू शकत नाही.’

टपालताईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. सासऱ्यांनी पत्र उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. ते आत गेले, कागद नव्या प्रिंटरच्या खणात ठेवला आणि म्हणाले, “सूनबाई, पुढचा पाय घे. आणि आडवी रेघ आधी मोजायची. आजपासून हा रिवाज तुझा.”